पहिल्या दिवटीच्या आधीचा उजेड

बापू,

तुझ्या तेराव्याला हार घालून जो फोटो ठेवला होता, तो मी काढलेला नव्हता. तुझ्या पोराच्या, महेशच्या लग्नातल्या कुठल्या तरी ग्रुपमधून तुझा चेहरा कापून मोठा केलेला. डाव्या खांद्यावर कुणा पाहुण्याची चार बोटं तशीच राहिलेली. जन्मभर पंचक्रोशीतल्या नवरदेवांना "हनुवटी जरा खाली घ्या" म्हणणाऱ्या माणसाचा धड एक फोटो घरात सापडू नये, याचं आलेल्या लोकांना हसू येत होतं आणि आपण कुठं बसलोय ते आठवून लगेच गप्प व्हावं लागत होतं. महेशनं मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, तुमच्याकडं असंल की एखादा चांगला." माझ्याकडे होता. एकच होता, आणि तो दाखवण्याची माझी हिंमत नव्हती. मी नाही म्हणालो.

लोक मला तुझा पार्टनर म्हणायचे. देवळालीच्या स्टँडसमोर आपला स्टुडिओ, पाटीवर दोघांची नावं, त्यात तुझं आधी. मी देवळालीचाच, तू नेवाशाकडच्या, प्रवरेच्या काठच्या गावचा. मी तुझ्या हाताखाली आलो तेव्हा मला कॅमेऱ्यात रोलसुद्धा नीट भरता येत नव्हता. तू शिकवलंस, आणि शिकवून झाल्यावर कुणाला सांगितलं नाहीस की हे मी शिकवलं. लग्नात भांडणारे मामा, रुसलेल्या वरमाया, फोटोत आपण काळे आलो म्हणून परत येणारे लोक, या सगळ्यांना तू तोंड द्यायचास आणि मी आतल्या अंधारात बसून फोटो धुवायचो. मला ते बरं वाटायचं. आता कळतं की त्याची मला सवयच लागली होती.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. ती तुला माहीत होती. तुला माहीत आहे, हे मला माहीत होतं. तरी ती मी माझ्या तोंडानं सांगायला हवी होती आणि चोवीस वर्षांत मी ती सांगितली नाही. तुझ्या गावच्या छबिन्यात जो फ्लॅश उडाला तो माझ्या कॅमेऱ्याचा होता. बटण मी दाबलं होतं, चुकून नाही, दाबायचं ठरवून. शिक्षा तू भोगलीस. ती फक्त तुला झाली असं नाही, तुझ्या घराला झाली.

ती रात्र मी रोज आठवतो म्हटलं तर खोटं होईल. कित्येक महिने आठवत नसे. पण छबिना चैत्रातला, तो महिना आला की ती चुकत नसे.

तुझ्या गावचा भैरोबा रात्री पालखीत बसून निघतो, तो छबिना. पुढं हलगी, सनई, दिवट्या, शोभेची दारू, गुलालानं लाल झालेली माणसं. आणि नदीकडच्या बोळाच्या तोंडाशी पालखी आली की सगळं एकदम थांबतं. बोळाच्या टोकाला लक्ष्मीआईचं देऊळ आहे. ती भैरोबाची बहीण. भाऊ वर्षातून एकदा बहिणीला भेटायला जातो आणि ती भेट कुणी बघायची नसते. हलगी थांबते, दिवट्या विझवतात, गावातली लाइटसुद्धा घालवतात, आणि उभं गाव पाठ फिरवतं. गुरव देवाचा मुखवटा घोंगडीखाली धरून अनवाणी बोळातून जातो, बहिणीशेजारी घटकाभर ठेवतो आणि परत आणतो. मुखवटा पालखीत बसला की घंटेचा एक टोला पडतो. मग पहिली दिवटी पेटते. ती पेटेपर्यंत कुणी मान वळवत नाही, लहान मूल रडत असलं तरी आई ते पाठमोरी उभी राहूनच थोपटते. ती पहिली दिवटी पेटवायचा मान तुमच्या घराचा होता. तुझ्या आज्याचा, मग वडिलांचा, मग तुझा.

त्या वर्षी तू मला बोळाच्या तोंडापर्यंत पुढं घेतलंस. बाहेरच्या माणसाला तिथं उभं राहू देत नाहीत. यात्रा कमिटीतल्या तात्यांनी हटकलं तेव्हा तू म्हणालास, "ह्यो आपलाच हाय. माझ्या जबाबदारीवर हाय." तुझा कॅमेरा तू खांद्यावर अडकवलास, एका हातात विझलेली दिवटी घेतलीस, दुसऱ्या हातात काडेपेटी, आणि पाठ फिरवलीस. मीही फिरवली.

फ्लॅशचं बटण मी बंद केलं होतं. पण बंद केलेल्या फ्लॅशच्या पोटात करंट शिल्लक असतो, फोटो काढला तर तो तेवढ्यावर उडू शकतो, म्हणून एकदा टेस्टचं बटण दाबून तो रिकामा करायचा असतो, हे तूच मला पहिल्या महिन्यात शिकवलेलं. मी तो रिकामा केला नाही. आपले ते जुने फ्लॅश भरायला किती वेळ घ्यायचे ते तुला माहीत आहे. पहिली दिवटी पेटेल त्या क्षणी तुझा फोटो मला हवा होता आणि तेव्हा फ्लॅश तयार पाहिजे होता. इथवर माझं काही चुकलं नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. मग अनवाणी पावलं ऐकू आली, आणि माझ्या मनात आलं की हा फोटो आजपर्यंत कुणीच काढलेला नाही. शटर थोडा वेळ उघडं ठेवलं तर चांदण्यात काहीतरी येईल, कुणाला कळणारही नाही. मी अर्धा वळलो आणि बटण दाबलं.

सगळा बोळ पांढरा झाला.

मग जे ओरडणं सुरू झालं त्यात मला माझा स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. गुरवाच्या हातून मुखवटा पडला नाही एवढीच देवाची दया. दिवट्या पेटल्या, कुणीतरी माझ्या शर्टाला धरलं, "कुनाचा उडाला? कुनाचा उडाला रं?" आणि तू पुढं झालास. "माझ्या हातनं झालं," असं म्हणालास. तात्या म्हणाले, देवाच्या पायरीवर हात ठेवून सांग. तू देवळात गेलास, पायरीवर हात ठेवलास आणि तेच पुन्हा सांगितलंस. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. त्या वेळी तोंड उघडायला मला चिक्कार वेळ होता. मी बंद फ्लॅशचं बटण उगाच चाचपत उभा होतो.

परत येताना मोटारसायकल मी चालवत होतो. नेवाशाच्या फाट्याजवळ मी म्हणालो, "बापू, मी..." तू मागून म्हणालास, "पुढं बघ. खड्डा हाय."

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. छबिन्यात कॅमेरा आणायचा नाही असं ठरलं, आणि पहिली दिवटी तुमच्या घरातून काढून तुझ्या चुलत्याच्या घरी दिली. तू ते मला सांगितलंसही नाहीस. मला चार दिवसांनी दुसरीकडून कळलं. रोल मी रात्री एकट्यानं धुतला आणि एकच प्रिंट काढली. त्या फोटोत देव नाही. गुरवाची घोंगडी उजेडानं पांढरी फटक पडलेली, त्यात काही दिसत नाही. बाकी सगळ्या पाठी आहेत. फेटे, पदर, कडेवरची पोरं. आणि डावीकडे तू, पाठमोरा, खांद्यावर कॅमेरा कव्हरात घातलेला, एका हातात विझलेली दिवटी, दुसऱ्यात काडेपेटी. माझ्याकडे असलेला तुझा एकुलता एक फोटो तो. तुझे दोन्ही हात त्यात स्पष्ट दिसतात. ज्याला फोटोतलं काही कळत नाही त्यालाही कळेल की हा उजेड तुझा नव्हता. म्हणून तर तो मी लपवून ठेवला.

त्यानंतर तू देवळात गेला नाहीस. मी तुला नास्तिक म्हणून चिडवायचो, आठवतं? "देवानं तुझं काय घोडं मारलंय?" म्हणायचो. तू हसायचास आणि लेन्स पुसायला घ्यायचास. आणि दर चैत्रात, छबिन्याच्या रात्री, मी मुद्दाम लांबचं काम धरायचो. एकदा पार खर्डा गावातलं लग्न घेतलं, ज्याचे पैसे जाण्यायेण्यातच गेले. तू कामांच्या फळ्यावर तारीख बघायचास आणि काही बोलायचा नाहीस.

मग मोबाईल आले, लोक आपापले फोटो काढू लागले, स्टुडिओत झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो उरले. तुझ्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा नगरला डायलिसिस. तू खाटेवर, आणि मी अजून उभा, याचाही मला राग यायचा, कुणावर ते सांगता येणार नाही.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास प्राजक्तानं आम्हा नवराबायकोला जपानला बोलावलं. मुलगी तिथं नोकरीला, आम्ही तीन आठवडे राहिलो. मंदाला देश आवडला, मला जेवण सोडून सगळं आवडलं. एका संध्याकाळी प्राजक्ता म्हणाली, "बाबा, जवळच्या देवळाची यात्रा आहे, कॅमेरा घ्या." मी घेतला. मंदा घरीच थांबली.

टेकडीवर देऊळ. खालपासून वरपर्यंत दगडी पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कागदी कंदिलांच्या रांगा. कंदिलांवर काळ्या अक्षरात काहीबाही लिहिलेलं. मी विचारलं, मंत्र आहेत का, तर प्राजक्ता म्हणाली, देणगी दिलेल्यांची नावं आहेत. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. खाली भाजलेल्या मक्याचा वास, पोरांच्या हातात गोड काहीतरी, म्हाताऱ्या बायका पायऱ्यांवर दम खात बसलेल्या. वर ढोल आणि बासरी. मग पालखी आली. काळ्या लाकडाची, सोन्याच्या पत्र्यानं मढवलेली, शेंड्यावर पंख पसरलेला पक्षी. तीस-चाळीस जण खांद्यावर घेऊन मुद्दाम हिसके देत होते, आखूड डगले, उघड्या पोटऱ्या, घामानं चमकणाऱ्या. मी चांगले दोन तास फोटो काढले. कंदिलांचा उजेड इतका मऊ होता की फ्लॅश लागलाच नाही. मान वर करून बघितलं तर मी तिथं उभा आहे हे कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं.

आणि मला तू पाहिजे होतास, बापू. मी मोबाईल काढला आणि तुला व्हिडिओ लावला. तिथं रात्रीचे आठ, आपल्याकडे साडेचार. तू खाटेवर पडलेला, मागं ती निळी भिंत. आवाज बारीक झालेला, पण डोळे लगेच जागे झाले. "जरा डावीकडं घे. हां. कंदील सोड, मानसं दाव. तो म्हातारा बघ, त्याचा हात बघ कसा धरलाय." मी दाखवत राहिलो. तू पंधरा मिनिटांत तिथल्या निम्म्या लोकांना ओळखायला लागलास.

तेवढ्यात एकानं कर्ण्यावरून काही सांगितलं आणि सगळे गप्प झाले. प्राजक्ता माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा, आता दिवे बंद करतात. देव आतून पालखीत आणतात. फोटो नाही, मोबाईलपण नाही. मान खाली घालायची."

कंदील एकेक करून गेले. खालच्या दुकानांचे दिवे गेले. मी मोबाईल पालथा करून छातीशी धरला, पण बंद केला नाही. अंधारात बऱ्याच पावलांचा आवाज आला. दिवे जाण्याआधी मी बघितलं होतं, पुजाऱ्यांनी एक लांब पांढरं कापड आडोशासारखं हातात धरलं होतं. आता त्या बाजूनं "ओऽऽऽ" असा एकच आवाज येत होता, खालच्या पट्टीत, न थांबता, दोन-तीन गळ्यांतून. माझ्या आजूबाजूची सगळी माणसं वाकून उभी. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. आताचे कॅमेरे तुला माहीत आहेत, त्याला ना फ्लॅश लागत होता ना त्याचा आवाज होत होता. माझा हात त्याच्यावर होता. मी तो काढून घेतला आणि पाठ फिरवली. तिथं पाठ फिरवायची रीत नाही, मी एकटाच वेड्यासारखा उलटा उभा होतो. मला रडू आलं. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, मंदालाही नाही.

मोबाईलमधून तुझा आवाज आला, हळूच. "देव चाललाय न्हवं?"

"हो."

"आपल्यावानीच हाय की रं."

"हो."

"काढला का?"

"नाही."

"बरं केलंस." मग तू थांबलास. मला तुझा श्वास ऐकू येत होता. "बोल की अजून."

त्या अंधारात मला कुणी ओळखत नव्हतं. प्राजक्ता सोडली तर मराठी कळणारं माणूस तिथं नव्हतं, आणि ती आता चार पावलं पुढं सरकली होती. शब्द तयार होते. मी म्हणालो, "बाकी काय नाही. पथ्य पाळतोयस ना?"

"पाळतोय," तू म्हणालास. कंदील परत लागले आणि तुला झोप आली असेल म्हणून मी फोन ठेवला.

परत आल्यावर मी फोटोंच्या मोठ्या प्रिंट काढून तुझ्याकडे घेऊन आलो. तू एकेक प्रिंट हातात धरून, लांब नेऊन, जवळ आणून बघितलीस. वहिनींना बोलावून दाखवलीस. मग म्हणालास, "उजेड झ्याक धरलाय. पन सुध्या, तू कायम लांब उभा ऱ्हातोस. मानसाच्या जवळ जात न्हाईस." मला राग आला. तीस वर्षांचा धंदा, आणि अजून हा मला शिकवतोय. मी म्हणालो, लेन्सच लांबची होती. तू म्हणालास, "लेन्सचं न्हाई म्हनत मी." मी विषय बदलला आणि उसाच्या तोडीबद्दल काहीतरी विचारलं. आपलं शेवटचं भांडण हे. पुरं भांडणही झालं नाही.

त्यानंतर मी तुझ्याकडे येत राहिलो. येताना दर वेळी ठरवायचो आणि जाताना खाटेच्या पायाशी चप्पल शोधताना स्वतःला सांगायचो, आज तो दमलाय, पुढच्या वेळी. माघात एका पहाटे वहिनींनी तुला हाक मारली आणि तू उठला नाहीस.

तेराव्यानंतर चार दिवसांनी मी गेलो. वहिनी ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. मी बसलो. म्हणालो, "वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचंय, त्या छबिन्याचं." त्यांनी मान वर केली नाही.

"मला ठावं हाय, भाऊजी. लगीन झाल्यापास्नं एक गोष्ट लपवली न्हाई त्यांनी माझ्यापास्नं."

त्याच बोलत राहिल्या, सोलता सोलता.

"छबिन्याच्या राती ते जेवत न्हवते. मोबाईल उशाला घिऊन बसायचे. म्हनायचे, आज त्याला आठवन हुईल, आज बोलंल. मी म्हनायची, तुमीच इचारून टाका की एकदा. तर म्हनायचे, मी इचारल्यावर सांगितलं तर त्यात काय ऱ्हायलं?"

"मग देवळात का जात नव्हता?" मी विचारलं.

"त्या पायरीवर खोटं बोललो म्हनायचे. आता तिच्यावर पाय कसा द्यायचा? म्हनून जात न्हवते."

चोवीस वर्षं मी तुला नास्तिक म्हणत होतो.

"मग तुमचा जपानवरनं फोन आला," वहिनी म्हणाल्या. "अंधार झाला तिकडं. मी च्या घिऊन आल्ते. मला हातानंच गप बस म्हनले, कान लावून बसले. फोन ठिवल्यावर मी इचारलं, बोलले का? म्हनले, न्हाई. परक्या मुलखात कसं बोलंल बिचारं. हितं आला की बोलंल."

मी इथं आलो होतो, बापू. आल्यावर किती वेळा येऊन त्या खाटेच्या कडेला बसलो, वहिनींच्या हातची भाकरी खाऊन गेलो. तू माझ्यासाठी कारणं शोधत होतास आणि मी ती एकेक करून संपवत होतो. मला वाटायचं तू विसरलास, किंवा माफ केलंस, किंवा तुला त्याचं काही वाटलंच नव्हतं. यातलं जे त्या दिवशी सोयीचं असेल ते मी मानून चालायचो. मला स्वतःची इतकी लाज आजवर वाटली नव्हती.

मी वहिनींना विचारलं, आता मी काय करू. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "त्यांचं काय हुनार आता. पन म्हेशाच्या हातात दिवटी यायला पायजे. तुमी गावात जा."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. देवळासमोरच्या पारावर कमिटीचे चार-पाच जण यात्रेच्या पत्रिकेचा मजकूर ठरवत बसले होते. तात्या आता पार वाकलेत, पण कमिटी अजून त्यांच्याच शब्दावर चालते. मी नाव सांगितलं. त्यांनी ओळखलं, "बापूचं दोस्त न्हवं? बसा." मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. फ्लॅश माझा होता. बटण मी दाबलं, चुकून नाही, मला फोटो हवा होता. बापूनं मला वाचवायला अंगावर घेतलं. चोवीस वर्षं मी गप्प बसलो. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत, याचं मला फार वाईट वाटलं.

मग मी पाकिटातून तो फोटो काढला. तात्यांनी तो पालथाच हातात घेतला.

"देव दिसतोय का ह्यात?"

"नाही तात्या. घोंगडीच आहे. बाकी सगळे पाठमोरे."

तेव्हा त्यांनी तो उलटला. डोळ्याजवळ नेला. तुझ्यावर त्यांची नजर गेली, तुझ्या दोन्ही हातांवर ती बराच वेळ थांबली. मग एका फेट्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "ह्ये आमचं आबा." शेजारचे वाकून बघू लागले, आपापली माणसं पाठीवरून ओळखू लागले. त्यातली बरीच आता नाहीत. कुणी माझ्या अंगावर आलं नाही. मी त्याची तयारी करून गेलो होतो.

तात्यांनी फोटो परत दिला आणि दोघांना तुझ्या चुलत्याच्या घरी पाठवलं. चुलत्याचा मुलगा आला, त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमी सांभाळली येवढंच. त्यांची हाय, त्यांनी न्यावी." या चैत्रात पहिली दिवटी महेश पेटवणार. त्याच्या घरात सुतक संपलेलं आहे, देवाच्या कामाला अडचण नाही, असं गुरवानंही सांगितलं. तू असतास तर काय केलं असतंस मला माहीत नाही. बहुतेक लेन्स पुसायला घेतली असतीस.

मी निघालो नाही. मला ते पुरेसं वाटेना. बापू, मला काहीतरी भरायचं होतं. मी म्हणालो, "तात्या, बापूच्या घराचा मान तुम्ही काढून घेतला होता. मला काय शिक्षा देता ती द्या. जी द्याल ती मला मान्य आहे."

तात्यांच्या तोंडावर राग नव्हता, मी काय मागतोय ते त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

"तुमाला काय शिक्षा द्यायची?" ते म्हणाले. "तुमचा हितं मान हाय कुठं, काढून घ्यायला?"

मग त्यांनी कुणाला तरी चहा सांगितला. मी तो घेतला.